वाघांची वंशावळ आणि संगणकातलं जंगल : वन्यजीवांच्या जनुकीय सॉफ्टवेअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वन्यजीवशास्त्राचे विद्यार्थी, वनखात्यातले तरुण अधिकारी आणि भ्रमणमार्ग (एका जंगलातून दुसऱ्यात जाण्याच्या प्राण्यांच्या वाटा) वाचवण्यासाठी धडपडणारे कार्यकर्ते पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर व्होर्टेक्स या सॉफ्टवेअरवर आहे, कारण जगभर संवर्धनाच्या कामात ते बरंच वापरलं जातं आणि शिकायलाही सोपं आहे. उदाहरणं मुख्यतः वाघांची आहेत.

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं तरी काय?

ते संगणकात एक जंगल उभं करतं आणि त्यातल्या प्रत्येक प्राण्याचा स्वतंत्र हिशेब ठेवतं. समजा, तुम्ही सुरुवातीला २० वाघ दिले. त्यातली प्रत्येक मादी यंदा व्याली का, तिला किती बछडे झाले, त्यातले किती वर्षभर जगले, कोणता नर कोणत्या मादीशी जुळला, कोण तरुण होऊन बाहेर पडला, हे सगळं दर वर्षी ठरतं. निर्णय फासे टाकल्यासारखे, पण तुम्ही दिलेल्या शक्यतांच्या चौकटीत होतात. एखाद्या मादीची वर्षभर जगण्याची शक्यता ८५ टक्के दिली असेल, तर ती एका फेरीत (फेरी म्हणजे तेच भविष्य एकदा सुरुवातीपासून चालवणं) जगेल आणि दुसऱ्या फेरीत मरेल.

जनुकांचा हिशेबही सोबत चालतो. सुरुवातीच्या प्रत्येक प्राण्याला एका जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती दिल्या जातात आणि पिल्लाला आईकडून एक, बापाकडून एक मिळते. शंभर वर्षांनी मूळ प्रतींपैकी किती उरल्या ते मोजलं, की जनुकीय विविधता किती गमावली ते कळतं. कोणाचे आईबाप एकमेकांचे कितपत नातेवाईक आहेत हेही प्रत्येक प्राण्यागणिक माहीत असतं.

महाराष्ट्रात वाघ वाढत आहेत. मग जनुकांची काळजी कशाला?

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला आणि तो खरोखर आनंदाचा आहे. पण ते एका सलग जंगलात राहत नाहीत. ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, टिपेश्वर, बोर असे ते तुकड्यातुकड्यांत आहेत. जनुकांचा हिशेब तुकड्यातल्या वाघांवरून होतो, आणि तुकड्यांमध्ये ये-जा असेल तरच त्यांची बेरीज करता येते.

तुकड्यातल्या संख्येतही एक फसगत असते. सगळे प्राणी वीण करत नाहीत. वाघांत एक दांडगा नर तीन-चार किंवा अधिक माद्यांचा इलाखा राखतो आणि बाकीचे नर ताटकळत राहतात. समजा, एका जंगलात विणीत भाग घेणारे १८ वाघ आहेत, ३ नर आणि १५ माद्या. जनुकशास्त्रातलं सूत्र सोपं आहे : नर आणि माद्या यांचा गुणाकार करा, त्याला ४ ने गुणा आणि दोघांच्या बेरजेने भागा. ४ × ३ × १५ म्हणजे १८०, त्याला १८ ने भागलं की उत्तर १०. म्हणजे दिसतात अठरा, पण जनुकांच्या दृष्टीने ते दहाच. याला परिणामकारक संख्या म्हणतात.

विविधता दर पिढीला, परिणामकारक संख्येच्या दुपटीने एकाला भागलं की जेवढं येतं, तेवढी घटते. दहा असेल तर पिढीमागे ५ टक्के. दहा पिढ्यांनी ४० टक्के विविधता गेलेली असते. वाघाची पिढी साधारण पाच-सहा वर्षांची धरली, तर हे सगळं ५०-६० वर्षांत घडतं, म्हणजे आज शाळेत असलेल्या मुलांच्या हयातीत. त्या काळात गणनेचा आकडा अठराच्या अठरा राहू शकतो, म्हणून नुसत्या गणनेत हे दिसत नाही.

अंतःप्रजननाने, म्हणजे नात्यातल्या विणीने, काय बिघडतं आणि ते आकड्यात कसं मांडतात?

प्रत्येक सजीव काही घातक जनुकं दडवून बाळगतो. एक प्रत खराब असली तरी दुसरी चांगली असल्यामुळे त्रास होत नाही. आईबाप जवळचे नातेवाईक असले की पिल्लाला दोन्ही प्रती खराब मिळण्याची शक्यता वाढते. मग पिल्लं लवकर मरतात, शुक्राणू सदोष निघतात, रोगाशी झुंजण्याची ताकद कमी पडते.

दडलेल्या घातक जनुकांचं हे एकूण ओझं मोजायचं एकक म्हणजे घातक-समतुल्य. व्होर्टेक्समध्ये ते आधीपासून ६.२९ भरलेलं असतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वन्य प्राण्यांच्या जननक्षमतेवर आणि पहिल्या वर्षातल्या जगण्यावर होणाऱ्या परिणामाचा जो अंदाज निघाला, तो हा आकडा. त्याआधी बराच काळ ३.१४ वापरत. तो १९८८ साली प्राणिसंग्रहालयांतल्या सस्तन प्राण्यांच्या ४० समूहांवरून काढला होता. पिंजऱ्यात अन्न आणि डॉक्टर दोन्ही मिळतं, त्यामुळे तिथे अंतःप्रजननाचा फटका सौम्य दिसतो. जुने अहवाल वाचताना त्यात कोणता आकडा धरला होता ते आवर्जून पाहा. नुसत्या तेवढ्या फरकाने निष्कर्ष उलटू शकतो.

६.२९ चा अर्थ काय, तर सख्ख्या भाऊ-बहिणीच्या मिलनातून झालेल्या पिल्लांपैकी पहिलं वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. एरवी शंभरातले ६० बछडे जगत असतील, तर इथे ढोबळमानाने २७ जगतील.

प्रत्यक्ष जंगलात असं घडलं आहे का?

हो. फ्लोरिडातल्या पँथरांचं (हे प्यूमा, बिबटे नव्हेत) उदाहरण सर्वांत जास्त अभ्यासलं गेलं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते २०-३० उरले होते. शेपट्यांची टोकं वाकलेली, पाठीवर केसांचे भोवरे, नरांचे वृषण पोटातच राहिलेले, हृदयात दोष. १९९५ साली टेक्सासमधून ८ माद्या आणून सोडल्या आणि त्यातल्या पाच विणल्या. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत संख्या तिपटीच्या आसपास गेली, विविधता दुप्पट झाली आणि नव्या पिढीत ते दोष फारच कमी दिसले. त्या निर्णयाआधी झालेल्या बैठकांत व्होर्टेक्सवर वेगवेगळे पर्याय चालवून पाहिले होते.

आपल्याकडचं उदाहरण ओडिशातल्या सिमिलिपालचं. तिथले काही वाघ जवळजवळ काळे दिसतात, पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले. पर्यटकांना त्यांचं मोठं आकर्षण. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ साली दाखवून दिलं, की हा एकाच जनुकातला बदल आहे आणि काळा रंग दिसायला त्याच्या दोन्ही प्रती लागतात. असा वाघ इतर जंगलांत जवळपास आढळतच नाही. सिमिलिपालमध्ये त्याचं प्रमाण इतकं वाढलं, कारण तिथला समूह लहान आहे आणि बाकी वाघांपासून तुटलेला आहे. हा रंग वाघाला अपाय करतो असं नाही, पण ज्या वाटेने हे जनुक पसरलं त्याच वाटेने घातक जनुकंही पसरू शकतात. काळ्या वाघाच्या छायाचित्राखाली ही माहिती प्रत्येक वेळी छापली जावी असं मला मनापासून वाटतं.

व्होर्टेक्सशिवाय आणखी काय आहे? कोणतं कशासाठी वापरायचं?

प्रश्न काय आहे त्यावर ते ठरतं. 'हा समूह टिकेल का, आणि काय केलं तर टिकेल' असा प्रश्न असेल तर व्होर्टेक्स. रॉबर्ट लेसी यांनी ते शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात काम करताना विकसित केलं.

संपूर्ण जनुकसंचाच्या पातळीवर, हजारो घातक बदलांसह उत्क्रांती चालवून पाहायची असेल तर स्लिम. त्यात स्वतः प्रोग्रॅम लिहावा लागतो. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्निया आखातातल्या व्हाकिता या छोट्या डॉल्फिनसदृश प्राण्याबद्दल २०२२ साली याच पद्धतीने एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. जेमतेम दहाच्या आसपास व्हाकिता उरलेत, तेव्हा आता जनुकीयदृष्ट्या त्यांचा शेवट ठरलेलाच, असं अनेकांनी गृहीत धरलं होतं. प्रारूपाने, म्हणजे संगणकात उभ्या केलेल्या या नमुन्याने, सांगितलं, की मासेमारीच्या जाळ्यात त्यांचं मरणं पूर्ण थांबवलं तर पुढच्या ५० वर्षांत नामशेष होण्याची शक्यता फक्त ६ टक्के आहे. हा प्राणी शतकानुशतकं कमी संख्येतच राहत आल्यामुळे त्याची बरीच घातक जनुकं आधीच गळून गेली आहेत. म्हणजे दोष जाळ्यांचा आहे आणि हात झटकून मोकळं होता येणार नाही.

प्राणिसंग्रहालयातल्या प्रजननासाठी पीएमएक्स आहे. वंशावळीची नोंदवही त्यात भरली, की कोणाची कोणाशी जोडी लावावी ते दिसतं. ज्याचे नातेवाईक समूहात सर्वांत कमी, त्याला विणीत प्राधान्य. भूप्रदेशाचा नकाशा घेऊन, नदी-रस्ते-शेती ओलांडत जनुकं कशी पसरतील ते पाहायला सीडीपॉप किंवा रेंजशिफ्टर. आणि विष्ठेच्या नमुन्यांवरून आज किती वेगळे समूह आहेत ते ओळखायला स्ट्रक्चर. ते भविष्य चालवून दाखवत नाही, आजचं चित्र मांडतं. नवे विद्यार्थी या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

व्होर्टेक्सला कोणती माहिती लागते? ती आपल्याकडे आहे का?

पहिल्या विणीचं वय, पिल्लांची संख्या, दर वर्षी विणणाऱ्या माद्यांचं प्रमाण, वयानुसार मृत्युदर, किती नरांना विणीची संधी मिळते, जंगलाची धारणक्षमता (ते किती प्राणी पोसू शकतं), चांगल्या-वाईट वर्षांतला चढउतार, आणि अचानक येणाऱ्या आपत्ती.

विणीची माहिती बरी असते, कारण कॅमेरा ट्रॅपमध्ये बछडे दिसतात. मृत्युदर कच्चा असतो. वर्षभर न दिसलेला वाघ मेला की निघून गेला हे कळत नाही, आणि निकाल सर्वांत जास्त ज्या आकड्यावर हलतो तो नेमका प्रौढ माद्यांच्या मृत्यूचा. शेताच्या कुंपणात सोडलेला वीजप्रवाह, रस्ते, रेल्वे, चोरटी शिकार यांत गेलेल्या माद्यांच्या नोंदी वर्षवार, वयानिशी ठेवणं हे म्हणूनच फार मोलाचं काम आहे. ते वनरक्षकाच्या वहीत होतं, आणि त्या वहीशिवाय संगणकापुढे बसून काही उपयोग नाही.

आपत्तीचा रकाना बरेच जण शून्य ठेवतात. तसं करू नका. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात वीसहून अधिक सिंह थोड्या दिवसांत मेले आणि त्यांच्यात कुत्र्यांमधला डिस्टेंपर विषाणू सापडला. टांझानियातल्या सेरेंगेटीत १९९४ साली याच विषाणूने सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. एकमेकांशी जनुकीय साम्य असलेला समूह एकाच ठिकाणी असेल, तर हा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरू शकतो.

किती वेळा चालवायचं?

शिकताना १०० फेऱ्या चालतात. अहवालासाठी किमान १०००. नामशेष होण्याची शक्यता १२ टक्के आली, तर १०० फेऱ्यांत त्यात सुमारे ३ टक्क्यांची प्रमाणत्रुटी (निव्वळ योगायोगाने आकडा इकडेतिकडे होण्याचं माप) असते, १००० फेऱ्यांत साधारण १ टक्का.

समजा '१२ टक्के' आलं. म्हणजे वाघ संपण्याची शक्यता १२ टक्के आहे असं जाहीर करायचं का?

नाही. तो आकडा एकटा उभा राहत नाही. तुम्ही भरलेले मृत्युदर, धारणक्षमता, आपत्तीची वारंवारता हे सगळं बरोबर असेल आणि शंभर वर्षं तसंच राहील, तरच १२ टक्के. असं कधीच नसतं.

या सॉफ्टवेअरची खरी ताकद तुलनेत आहे. तेच जंगल, त्याच माद्या, तेच मृत्युदर ठेवून एकदा भ्रमणमार्ग चालू ठेवा आणि एकदा बंद करा. एकदा वर्षाला दोन माद्या जास्त मरू द्या. एकदा दर पाच वर्षांनी बाहेरून एक वाघीण आणा. पहिल्यात १२, दुसऱ्यात ३५, तिसऱ्यात ५० आले (हे आकडे केवळ समजावण्यासाठी), तर नेमका आकडा चुकीचा असला तरी क्रम सहसा टिकतो. निर्णय घ्यायला क्रम पुरतो. गृहीतकं थोडी थोडी हलवून तो क्रम टिकतो का हे तपासणं म्हणजे संवेदनशीलता चाचणी. ती व्होर्टेक्समध्ये अंतर्भूत आहे. ती न केलेला अहवाल मी पुरा मानत नाही.

दुसरं म्हणजे, आपण काय गृहीत धरतोय ते इथे लपवता येत नाही. बैठकीत एक जण म्हणतो, 'भरपूर वाघ बाहेर जातात', दुसरा म्हणतो, 'हल्ली कोणी जात नाही'. दोघांना आकडा लिहावा लागला की मतभेद नेमका कुठे आहे ते पाच मिनिटांत समजतं.

वाघीण उचलून दुसऱ्या जंगलात नेली की प्रश्न सुटत नाही का?

काही ठिकाणी तो एकमेव उपाय उरतो, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सिमिलिपालमध्ये नवं रक्त यावं म्हणून २०२४ च्या अखेरीस ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिकडे नेल्या. झीनत तिथून निघाली, झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये गेली, आणि २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे कोयना आणि चांदोलीच्या जंगलात, नर वाघ स्वतःहून पोहोचले होते पण माद्या नव्हत्या. म्हणून २०२५ मध्ये ताडोबातून तिकडे वाघीण नेण्यात आली.

प्रारूपात 'एक वाघीण आणली' असं लिहिणं सोपं असतं. प्रत्यक्षात ती टिकली पाहिजे, तिचा इलाखा बसला पाहिजे, तिला बछडे झाले पाहिजेत आणि ते मोठे होऊन विणले पाहिजेत. यातली एक पायरी चुकली तरी जनुकांच्या हिशेबात तिचं येणं शून्य. म्हणून आणलेल्यांपैकी निम्म्याच विणतील असंही एकदा चालवून पाहा.

आणि एकदाच आणून भागत नाही. अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावर १९९७ साली गोठलेल्या सरोवरावरून एक नर लांडगा आला. काही वर्षं समूहाचं भलं झालं. मग बहुतेक लांडगे त्याचेच वंशज झाले आणि पुन्हा अंतःप्रजनन. २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले होते.

बाहेरचे प्राणी आणल्याने मूळ वाण बिघडणार नाही का?

ही भीती बऱ्याचदा वाजवीपेक्षा जास्त असते. अशा १५६ उदाहरणांचा २०१५ मध्ये एकत्रित अभ्यास झाला, त्यात जवळजवळ ९३ टक्के ठिकाणी फायदाच दिसला. अट एवढीच, की समूह फार पूर्वीपासून वेगळे झालेले नसावेत आणि त्यांचं वातावरण फार भिन्न नसावं. मध्य भारतातले वाघ काही पिढ्यांपूर्वीपर्यंत एकमेकांत मिसळत होते. त्यांच्यातल्या भिंती आपण उभ्या केल्या.

दाता समूह कोणता निवडावा यावर मात्र शास्त्रज्ञांत खरा वाद आहे. मोठ्या समूहात विविधता जास्त, पण दडलेली घातक जनुकंही जास्त. ती लहान समूहात गेली आणि पुन्हा अंतःप्रजनन झालं की उघडी पडतात. २०२१ साली भारतीय वाघांच्या जनुकसंचाच्या अभ्यासात रणथंबोरसारख्या तुटलेल्या समूहात अंतःप्रजनन जास्त दिसलं, आणि सर्वांत घातक बदलांपैकी काही तिथून गळून गेल्याच्या खुणाही दिसल्या. माझं मत असं, की आणणं एकदाच होणार असेल तर हा वाद महत्त्वाचा, पण ये-जा कायम राहणार असेल तर मोठ्या समूहातूनच आणावं.

भ्रमणमार्ग प्रारूपात कसा दाखवायचा?

व्होर्टेक्समध्ये प्रत्येक जंगल स्वतंत्र समूह म्हणून भरा. मग कोणत्या जंगलातून कोणत्या जंगलात, कोणत्या वयाचे, कोणत्या लिंगाचे किती टक्के प्राणी दर वर्षी जातात आणि वाटेत किती मरतात ते द्या.

टिपेश्वरच्या वाघाने हे फार चांगलं शिकवलं. रेडिओ कॉलर लावलेला हा तरुण नर २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातून निघाला आणि शेतं, गावं, रस्ते ओलांडत, तेलंगणातही फिरून, बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सगळी भटकंती मिळून ३,००० किलोमीटरच्या वर झाली. इतकं चालून तो जिवंत राहिला याचा अर्थ विदर्भाचं शिवार अजून वाघाला वाट देतं. पण ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. त्याचं पोहोचणं प्रारूपात 'स्थलांतर यशस्वी' ठरेल, जनुकांची देवाणघेवाण मात्र घडली नाही. नर दूर जातात, माद्या सहसा आईच्या इलाख्याजवळ राहतात, तेव्हा दोघांचे दर वेगळे भरा.

संशोधक प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मध्य भारतासाठी अशीच भविष्यं चालवून पाहिली होती. रस्ते आणि वस्ती बेलगाम वाढल्या तर विविधता घटते आणि लहान समूह नामशेष होण्याची शक्यता वाढते. भ्रमणमार्ग राखले तर दोन्ही सावरतं.

पैसे किती लागतात? साधा लॅपटॉप चालेल?

व्होर्टेक्स आणि पीएमएक्स मोफत उतरवून घेता येतात. दोन्ही विंडोजवर चालतात. वाघांसारख्या कमी संख्येच्या प्राण्यासाठी साधा लॅपटॉप पुरतो. हजारो प्राण्यांचा समूह असेल तर रात्रभर चालू ठेवावा लागेल. स्लिमही मोफत आहे आणि लिनक्स, मॅकवरही चालतं.

आमच्या भागातल्या भ्रमणमार्गातून रस्ता रुंद होणार आहे. हे वापरून हरकत नोंदवता येईल का?

येईल, आणि नोंदवाच. 'रस्ता नको' एवढ्यावर थांबू नका. तीन पर्याय चालवा : आजची स्थिती, रस्ता पण प्राण्यांसाठी मार्ग नाही, आणि रस्ता पण खालून पुरेसे रुंद मार्ग. तिसरा पर्याय कल्पनेतला नाही. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली असे मार्ग बांधले आहेत आणि वाघ त्यातून ये-जा करताना कॅमेऱ्यात टिपले गेले आहेत.

प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहा. वनखात्याच्या नोंदी, प्रसिद्ध अभ्यास की स्थानिक अंदाज. अंदाज असेल तर 'अंदाज' असंच लिहा आणि त्याच्या वरच्या-खालच्या टोकाला काय निकाल येतो तेही द्या. प्रारूपाची मूळ फाइल हरकतीसोबत जोडा, म्हणजे समोरचा तज्ज्ञ स्वतः चालवून पाहू शकेल. आणि हे सगळं जनसुनावणीच्या आधी पुरेसे दिवस हातात ठेवून करा, कारण मृत्यूच्या नोंदी मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.